दुपारी दीडला जाणारं नेट

गेल्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून, आमच्या मागच्या खोलीतलं नेट रोज दुपारी दीडच्या सुमाराला कोलमडायला लागलं. मुलीचा ऑनलाइन क्लास एक ते अडीच. दीड वाजला की आधी तिचा आवाज पलीकडे तुटक जायचा, मग चित्र थिजायचं, मग नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. पावणेदोनला सगळं आपोआप ठीक. त्याच वेळी पुढच्या बैठकीत माझ्या फोनवर व्हिडिओ सुरळीत चालू असायचा. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की जानेवारी ते मार्च हाच क्लास, हाच फोन, हीच खोली होती आणि एकदाही तक्रार आली नव्हती.

हे कोडं सुटायला पाच आठवडे लागले. त्यातले चार वाया गेले, पैसेही गेले, कारण बिघाड कुठे आहे ते शोधायच्या आधीच आम्ही दुरुस्ती करत सुटलो होतो. तुमच्या घरी असं काही चालू असेल तर तुमचे ते चार आठवडे वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी घर सांगते, कारण वायफायचा बिघाड घराच्या नकाशावाचून कळत नाही. आम्ही मूळचे अकोल्याचे, बरीच वर्षं चंदीगडला सेक्टर ३९मध्ये राहतो. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातला साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असा एक चौकोन म्हणजे एक सेक्टर. आमचा सेक्टर शहराच्या दुसऱ्या टप्प्यातला, ३१ ते ४७ या सेक्टरांबरोबर वसलेला. आमचं घर अरुंद आणि खोल आहे. पुढे बैठक, मग मधली खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर, मग उघडं अंगण, आणि अंगणापलीकडे मागची खोली. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. फायबरची तार पुढच्या दारावरून आत येते, म्हणून राउटर बैठकीत. म्हणजे मागच्या खोलीत पोचायला सिग्नलला विटांच्या दोन-तीन नऊ इंची भिंती आणि एक अंगण ओलांडावं लागतं. विदर्भातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना हा नकाशा ओळखीचा वाटेल.

पहिल्या आठवड्यात आम्ही तेच केलं जे सगळे करतात: राउटर बंद-चालू. दर वेळी ‘बरं वाटलं’, कारण चालू होऊन स्थिरावायला तीन-चार मिनिटं जायची आणि तोवर पावणेदोन वाजत आलेले असायचे. दुसऱ्या आठवड्यात शंभर एमबीपीएसची योजना बदलून दोनशेची घेतली. फरक शून्य. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा मुलगा आला, त्याने फायबरच्या टोकाला मीटर लावला आणि म्हणाला, “आंटीजी, लाइन तो बिलकुल ठीक है.” त्याचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. चौथ्या आठवड्यात आम्ही रिपीटर आणला आणि जिथे नेट येत नव्हतं तिथेच, मागच्या खोलीत, टेबलावर लावला. त्याने तर आणखीच बिघडलं. रिपीटर जे ऐकतो तेच पुन्हा बोलतो. त्याला स्वतःलाच तुटक ऐकू येत असेल तर तो पुढे तुटकच सांगणार. शिवाय एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही करणारा साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. रिपीटर लावायचाच तर सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावावा, हे त्याच्या खोक्यावर ठळक छापायला हवं.

आमच्या गच्चीवरच्या खोलीत, म्हणजे इथल्या भाषेत बरसातीत, तेव्हा लातूरचा एक मुलगा भाड्याने राहत होता. आमच्याच सेक्टरच्या अ भागात सीएसआयआरची सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाची संस्था आहे, इम्टेक, १९८४मध्ये स्थापन झालेली. तो तिथे संशोधन करायचा. एका संध्याकाळी मी त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने विचारलं, “काकू, नेट जातं म्हणजे नेमकं काय जातं? कुठल्या फोनवर, किती वाजून किती मिनिटांनी?” मला सांगता येईना. “लिहून ठेवा,” तो म्हणाला, “आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही प्रयोगशाळेत दोन गोष्टी एकदम बदलल्या तर तो दिवस फुकट गेला असं धरतो.” त्या दिवसापासून फ्रिजवर एक वही टांगली आणि कोडं सुटायला लागलं.

तर पहिलं काम वही. वेळ, खोली, उपकरण, काय झालं, आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कंटाळवाणा. पंखा, पंप, मिक्सर, लिफ्ट, पाहुणे, पाऊस, जे असेल ते लिहायचं. चार दिवस पुरतात.

दुसरं काम म्हणजे साखळी कुठे तुटते ते पाहणं. घरातल्या इंटरनेटचे तीन तुकडे असतात: कंपनीपासून घरापर्यंतची तार, राउटर नावाची पेटी, आणि पेटीपासून फोनपर्यंतची हवा. बहुतेक लोक तिन्हींना मिळून ‘नेट’ म्हणतात आणि म्हणून चुकीच्या माणसाशी भांडतात. तुकडे वेगळे करायला लॅपटॉप आणि दीड-दोन मीटरची लॅन केबल लागते. बिघाडाच्या वेळी लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. केबलवर नेट व्यवस्थित चालतंय आणि वायफायवर नाही, तर कंपनी निर्दोष आहे. केबलवरही नाही, तर हवेचा काही संबंध नाही. राउटरवरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल आहे का ते पाहा. तो लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. तार तुटली आहे, दबली आहे किंवा टोक मळलं आहे. घरातली पिवळी तार कपाटामागे चेपली गेली तरी हे होतं. कंपनीच्या माणसाकडचा मीटर आलेल्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दाखवतो. उणे ८ ते उणे २७ यांच्या मध्ये असेल तर पेटीला तो वाचता येतो. आमच्याकडे उणे २० होता. काठावरचा, उणे २६ वगैरे, आला तर त्याला तेव्हाच जोड तपासायला लावा.

केबल नसेल तर पिंग वापरा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग हा शब्द आणि पुढे राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि पेटीच्या तळाशी चिकटवलेला असतो. फोनसाठी पिंगची फुकट ॲप्स मिळतात. पिंग म्हणजे राउटरला हाक मारून ओ यायला किती वेळ लागतो ते मोजणं. चांगल्या वायफायवर हा आकडा दोन ते पाच-सात मिलिसेकंद असतो. मग तीच हाक बाहेरच्या पत्त्याला मारा, उदाहरणार्थ गुगलच्या ८.८.८.८ला. राउटर लगेच ओ देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष घराबाहेर. आमच्याकडे दीड वाजता मागच्या खोलीतून खुद्द राउटरचीच ओ कधी तीनशे, कधी नऊशे मिलिसेकंदांनी यायची आणि मधल्या काही हाका हवेतच विरायच्या. दहा पावलांवरची पेटी आपली हाक ऐकत नाही, हे त्या आकड्यांनी दाखवलं. योजना बदलण्यात घातलेले पैसे किती चुकीच्या जागी गेले ते त्या क्षणी कळलं.

तिसरं काम, हवा मोजणं. फोनच्या कोपऱ्यातल्या चढत्या पट्ट्यांवर विसंबू नका. राउटरचं फोनला कितपत ऐकू येतंय एवढंच त्या दाखवतात. फोनचं राउटरला कितपत ऐकू जातंय हे दाखवत नाहीत, आणि फोनचा आवाज राउटरपेक्षा बारीक असतो. मुलीला शिक्षकांचं बोलणं ऐकू यायचं पण तिचं तिकडे जायचं नाही, त्याचं कारण हेच. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या, त्यात सिग्नल आकड्यांत दिसतो. आकडा उणे असतो, म्हणून शून्याजवळचा चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६५-६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त. उणे ७५ला कुरबुर. उणे ८०च्या खाली आशा सोडा. इथे एक हिशेब मनात पक्का ठेवा: दहाची घसरण म्हणजे ताकद दहापट कमी, वीसची म्हणजे शंभरपट. उणे ५५ आणि उणे ७५ हे आकडे शेजारचे वाटतात, प्रत्यक्षात दुसऱ्या जागी पहिल्याच्या शंभरावा हिस्सा पोचतो.

मी घराचा नकाशा कागदावर काढला, प्रत्येक खोलीत दोन-तीन ठिकाणी उभी राहिले, प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून आकडा लिहिला. अर्धा मिनिट अशासाठी की २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झची साधारण सहा. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून वीतभर अंतरावरही आकडा खालीवर होतो. बैठकीत उणे ४२, मधल्या खोलीत उणे ५८, मागच्या खोलीत उणे ७५. आणि मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसतच नव्हतं. मुलगी म्हणाली, “हिवाळ्यात माझा फोन ५वरच असायचा.” हे वाक्य वहीत लिहिलं, पण त्याचा अर्थ अजून लागला नव्हता.

अर्थ लागला तो कूलरमुळे.

नागपूर-अकोलेकरांना कूलर समजावून सांगायला नको. चंदीगडचा मे तसाच, चाळिशी ओलांडणारा, आणि इथेही खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा मोठा कूलर बसतो. आपण वाळ्याच्या ताट्या म्हणतो, इथे ‘घास’ म्हणतात. आमचा कूलर मधल्या खोलीच्या अंगणाकडच्या खिडकीत बसतो, दरवर्षी एप्रिलच्या शेवटी. एके दिवशी घास बदलायला माणूस आला होता. त्याने कूलर खिडकीपासून ओढून अंगणाच्या कोपऱ्यात नेला. मी सहज मागच्या खोलीत जाऊन आकडा पाहिला: उणे ६०. आणि ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत परत आलेलं, उणे ६८. कूलर जागेवर आला, उणे ७२, पाचचं नाव गायब. पाणी भरून पंप चालू केला, ताट्या चिंब झाल्या, उणे ७५.

म्हणजे हिवाळ्यात सिग्नल बैठकीतून मधल्या खोलीत, तिथल्या खिडकीच्या काचेतून अंगणात आणि अंगणातून मागच्या खोलीच्या खिडकीत असा मोकळा जात होता. काचेतून रेडिओलहर सहज जाते. ती खिडकी आम्ही एप्रिलमध्ये पत्र्याच्या पेटीने बुजवली. पत्र्यातून लहर जात नाही, आणि ओल्या ताट्या उरलंसुरलं शोषून घेतात. तुमच्याकडे कूलर नसेल, पण पत्र्याचं गोदरेज कपाट असेल, मोठा आरसा असेल (आरशामागचा चकाकता थर धातूचाच), माशांची टाकी असेल, डासांची धातूची जाळी असेल, पाण्याची टाकी असेल. घरातली एखादी मोठी वस्तू हलली आणि त्यानंतर तक्रार सुरू झाली, असं झालंय का, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आम्हाला कुणी विचारलं असतं तर तारीख जुळली असती.

पण मग दुपारी दीडच का? कूलर तर रात्रंदिवस खिडकीत होता.

वहीच्या शेवटच्या रकान्यात उत्तर पडून होतं. दीडला यजमान जेवायला घरी येतात. मायक्रोवेव्हमध्ये भाजी, मग वरण, मग सासूबाईंसाठी पुन्हा भात गरम होतो. रात्री साडेआठच्या सुमाराला दोन नोंदी होत्या, त्याही जेवणाच्याच. मायक्रोवेव्हवर माझा आधीही संशय गेला होता आणि मी त्याला निर्दोष सोडलं होतं, कारण तो वर्षभर चालतो आणि हिवाळ्यात काही झालं नव्हतं. हीच चूक मला सगळ्यात महागात पडली. दोन दोष एकमेकांवर बसलेले असले की प्रत्येकाला वेगळं पाहिल्यावर दोन्ही सुटतात.

ते असं घडतं. मायक्रोवेव्ह सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा जुना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आहे. दोघे एकाच गल्लीत राहतात. आत सात-आठशे वॅट घुमत असतात आणि दारातून अगदी थोडी गळती होते. माणसाला त्याने काही होत नाही. सुरक्षेच्या मानकात पाच सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरमागे पाच मिलिवॅटची मर्यादा आहे आणि चांगल्या स्थितीतला ओव्हन तिच्या बराच खाली असतो. पण फोन ज्या सिग्नलवर जगतो तो, उणे ७० धरला तर, एका वॅटचा हजार कोटीवा भाग असतो. त्याच्यापुढे ती गळती म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. साध्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमधला लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात चालतो: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदात पन्नास वेळा, साधारण दहा मिलिसेकंद गोंगाट आणि दहा मिलिसेकंद शांतता. सिग्नल जोरदार असला तर फोन भराभर बोलतो, त्याचं एकेक पाकीट इतकं आखूड असतं की शांततेच्या फटीतून निसटून जातं. सिग्नल दुबळा झाला की फोन समजावं म्हणून सावकाश बोलायला लागतो, पाकिटं लांबतात आणि गोंगाटात सापडतात. हिवाळ्यात मुलीचा फोन बहुतेक वेळ ५ गिगाहर्ट्झवर होता, तिथे मायक्रोवेव्ह पोचतच नाही, आणि २.४वर आलाच तरी सिग्नल तगडा होता. कूलरने सिग्नल दुबळा करून फोनला २.४वर ढकललं, शिवाय खिडकी बंद झाल्यामुळे उरलेली वाट स्वयंपाकघराच्या भिंतीतून, ओट्यावरच्या ओव्हनच्या अगदी शेजारून जाणारी होती.

खात्री करायला आम्ही तीन दिवस सकाळी अकराला, एरवी कधीही बिघाड न होणाऱ्या वेळी, ओव्हन आत वाडगाभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवला आणि मागच्या खोलीत पिंग लावून ठेवला. कूलर जागेवर असताना ओव्हन सुरू होताच आकडे शेकड्यांत, बंद होताच दहाच्या आत. कूलर बाजूला ओढून तेच केलं तर आकडे जेमतेम हलले. रिकामा ओव्हन मात्र कधी चालवू नका. आत पाणी हवंच.

यात आपण कमी पडलो असं वाटू देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीत अनेक वर्षं गूढ ठिपके उमटत होते, कामाच्या वेळात आणि जेवणाच्या सुमाराला जास्त. २०१५मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की घड्याळ संपायच्या आधीच मायक्रोवेव्हचं दार उघडलं की ते उमटतात. वेल्समधल्या अबरहोसन नावाच्या खेड्यात तर सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं ब्रॉडबँड कोसळायचं. २०२०मध्ये अभियंते पहाटे उपकरण घेऊन गावभर फिरले आणि एका घरातला जुना टीव्ही सापडला, तो सातला लागायचा. तिथलं इंटरनेट तांब्याच्या तारेतलं, आमचं हवेतलं, पण दोन्हीकडे धागा घड्याळाचा होता. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी आहे. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांसारखा मानवी गोंगाट हुडकणं हा तिथल्या लोकांच्या कामाचाच भाग आहे. ते लोकही आकडा, वेळ आणि दिशा लिहूनच शोधतात.

शेजाऱ्यांच्या वायफायबद्दल पुष्कळजण तावातावाने बोलतात, म्हणून एक नियम सांगते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८मध्ये. परवानामुक्त याचा अर्थ कुणालाही वापरता येतो, आणि कुणालाही संरक्षण नाही. दुसऱ्याच्या गोंगाटाबद्दल दाद मागता येत नाही. म्हणून जुळवून घेणं आलं. २.४मध्ये १३ चॅनेल दिसतात, पण ती एकमेकांवर इतकी चढलेली आहेत की स्वच्छ वेगळी तीनच: १, ६ आणि ११. सामाईक भिंतींच्या आमच्या रांगेत ॲपने सव्वीस नावं दाखवली, त्यातली बरीचशी ६वर. आम्ही १ घेतलं. कुणी ३ किंवा ८ ‘रिकामं आहे’ म्हणून घेऊ नये. ते दोन्हीकडचा गोंगाट ऐकतं. रुंदीच्या ठिकाणी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा.

आता दुरुस्ती. कूलर हलवणं शक्य नव्हतं, चंदीगडच्या जूनमध्ये तो विचारही करवत नाही. ओव्हन स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेला, त्याने थोडा फरक पडला. खरा उपाय तारेचा. बैठकीतल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत वीस मीटर कॅट सिक्स केबल टाकली. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात लांबीची चिंता नको. अंगणातून नेताना पाइपात घालून न्या, उन्हाने साधं आवरण तडकतं. आणि विजेच्या तारांच्या पाइपात तिला घालू देऊ नका, मिस्त्री सोय म्हणून तेच सुचवतो. मागच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. त्याच्या सेटिंगच्या पानावर तसा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, मग त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि केबल वॅन लिहिलेल्या खाचेत न घालता लॅनच्या खाचेत घाला. (मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर इथेही शेवटून दुसरा आकडा शून्य ठेवा.) नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखेच, चॅनेल वेगळं, पुढे १, मागे ११. मागच्या खोलीत आकडा उणे ४१ आला. दीड वाजता ओव्हन चालू असताना पिंग तीन-चार मिलिसेकंद. भाड्याच्या घरात तार टाकता येत नसेल तर मेश संच घ्या, पण त्याचा दुसरा नग आमच्या रिपीटरसारखा टोकाला ठेवू नका. सिग्नल उणे ६०-६५ आहे अशा मधल्या जागी ठेवा.

डीएचसीपीचं नाव निघालं म्हणून सांगते: घरात दोन राउटर आणि दोन्हीत ते चालू असेल तर काही उपकरणं चालतात, काही नाही, आणि उद्या नेमकी उलटी. घरोघरी दिसणारं हे सगळ्यांत छळवादी कोडं आहे आणि उपाय एवढाच, एकात ते बंद करणं.

बाकीची काही कोडी थोडक्यात. ५ गिगाहर्ट्झचं नाव मध्येच मिनिटभर नाहीसं होऊन परत येत असेल तर चॅनेल पाहा. ५२ ते १४४ ही रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत, रडारसारखं काही ऐकू आलं की राउटर जागा सोडतो आणि नव्या जागी साठ सेकंद कान देऊन मगच बोलतो. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं निवडावं. फक्त एकाच लॅपटॉपवर त्रास आणि त्याला यूएसबी ३ची बाहेरची डिस्क जोडलेली, तर डिस्क काढून पाहा. तिच्या तारेतून २.४ गिगाहर्ट्झला गोंगाट निघतो, इंटेलने २०१२मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. काही संकेतस्थळं उघडतात आणि काही नाहीत, पण ८.८.८.८ची ओ येते, तर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदला. सगळे दिवे एकदम विझून पेटतात, विशेषतः इन्व्हर्टर लागताना किंवा दुपारच्या उकाड्यात, तर आधी अडॅप्टर बदला. तो म्हातारा होतो आणि राउटरच्या नावाने बोंब होते. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, त्यांना टीव्हीच्या बंद कपाटात किंवा स्टॅबिलायझरच्या डोक्यावर ठेवू नका. रोज रात्री नऊ ते अकरा सगळीकडेच संथ, आणि केबलवरही संथ, तर मात्र कंपनीकडे जा.

कंपनीकडे जाताना वही बरोबर न्या. “नेट चालत नाही” असं सांगितलं की उत्तर ‘राउटर रीस्टार्ट करा’ येतं. “केबलवर, राउटरची ओ एक मिलिसेकंदात, ८.८.८.८ची ओ दोनशेवर, चार दिवस रात्री नऊ ते अकरा” असं सांगितलं की फोन वरच्या माणसाकडे जातो. तक्रार क्रमांक घ्या आणि जपून ठेवा. निवारण झालं नाही तर ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीतल्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे तो क्रमांक मागतात.

वही अजून फ्रिजवर आहे. ऑक्टोबरमध्ये कूलर निघाला त्या दिवशी मी तोच नकाशा घेऊन पुन्हा सगळ्या खोल्यांत फिरले आणि उन्हाळ्याच्या आकड्यांशेजारी हिवाळ्याचे आकडे लिहिले, दुसऱ्या शाईने. लातूरचा मुलगा आता हैदराबादला असतो. त्याला पानाचा फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, “काकू, तारखेबरोबर फोनचं मॉडेलही लिहा.”